तिकिटामागचा हात

टपालाच्या तिकिटावर कोणाचे चित्र आहे ते आपण पाहतो. ते कोणी छापले हे विचारत नाही. पण भारताची तिकिटे कुठे कुठे छापली गेली हे ओळीने पाहू लागलो, की सत्ता आणि कसब यांचे नाते वाटते तितके सरळ नाही, हे लक्षात येते.

1854 साली अंतर न मोजता देशभर पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. तेव्हाची बहुतेक तिकिटे कलकत्त्याच्या सर्वेक्षण कचेरीत, म्हणजे नकाशे छापणाऱ्या जागी, कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर निघाली. चार आण्याचे तिकीट दोनरंगी होते. आधी तांबडी चौकट उठवायची, मग तोच ताव पुन्हा दगडावर घालून मध्ये व्हिक्टोरिया राणीचे निळे मस्तक. काही वेळा दुसऱ्या खेपेला कागद उलटा गेला आणि राणी डोक्यावर उभी राहिली! ती चूक आज संग्राहकांच्या लेखी अमोल आहे. मला मात्र तिच्यात घाईने कागद लावणारा एक हात दिसतो.

पुढच्याच वर्षी हे काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेले. पत्त्यांचे कॅट छापून नावारूपाला आलेली ही कंपनी. 1865 सालचे तिचे तिकीट उजेडासमोर धरले, की कागदात हत्तीचे मस्तक दिसते. खूण हिंदुस्थानची, छापखाना विलायतेचा. सत्तर वर्षे छपाई अशी विलायतेतच होत राहिली.

मग नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि 1926 पासून तिकिटे तिथे निघू लागली. राज्य अजून इंग्रजांचेच होते. 1931 साली नव्या राजधानीच्या उद्घाटनाची तिकिटेही नाशिकलाच छापली गेली. म्हणजे छपाई घरी आली ती स्वराज्याच्या एकवीस वर्षे आधी.

उलट स्वराज्य आल्यावर, 15 ऑगस्ट 1948 ला गांधीजींची चार तिकिटे निघाली, ती स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिए छापखान्यातून. खादीवाल्या बापूंना परदेशी छपाई, असे म्हणून आजही कोणी हसतो. हे हसू उथळ आहे. ती तिकिटे फोटोग्रॅव्हर पद्धतीची होती. तीत सिलिंडरवर बारीक खळगे पाडतात. खळगा जितका खोल, तितकी शाई गडद. चेहऱ्यावरच्या सुरकुतीची सावली कागदावर हळुवार उतरते ती त्यामुळे. नाशिकला तोवर ही छपाई सुरू झाली नव्हती. अधिकार एका मध्यरात्री हाती येऊ शकतो. कसबाला तशी मध्यरात्र नसते. ते शिकावे लागते, आणि शिकेपर्यंत दुसऱ्याचे दार ठोठावण्यात कमीपणा नाही. कमीपणा असलाच, तर तो पुढेही त्याच दारात बसून राहण्यात आहे.

नाशिक तिथे बसून राहिले नाही. 1952 साली संत आणि कवींची सहा तिकिटांची मालिका निघाली, ती नाशिकमध्येच, फोटोग्रॅव्हरने. तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर असे सगळे तीत होते. सर्वांत कमी किमतीचे, पाऊण आण्याचे तिकीट मात्र कबीराचे होते. मागावर बसून पोट भरणाऱ्या विणकराचे.