पाच वर्षांचा दाखला

बारावीचा निकाल जाहीर झाला की रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाचे नाव राज्यात अग्रभागी असावे, ही आता रूढीच होऊन बसली आहे; २०२४ साली राज्याचा निकाल ९३.३७ टक्के असता कोकणचा ९७.५१ टक्के लागला. उत्तीर्णांचे प्रमाण आणि गुणांची प्रतवारी या भिन्न गोष्टी, हे मान्य; तरीही ज्या गुणपत्रिकेच्या बळावर औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेचा प्रवेश ठरतो, तिच्यात त्या विद्येतील पुढच्या यशाचे भाकीत खरोखर दडलेले असते काय, ही शंका मनातून जात नाही.

ही शंका आजची नाही. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९३१ साली शिक्षित औषधनिर्मात्यांची उणीव सरकारदरबारी मांडली, पुढच्याच वर्षी काशी हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांनी या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला, आणि १९४८ साली फार्मसी कायदा झाला. त्या कायद्याने औषधनिर्मात्यांची पहिली नोंदवही तयार करताना पदवीधरांना तर स्थान दिलेच. परंतु इस्पितळात वा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार करून देण्याचे काम केलेल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या इसमालाही तिचे दार उघडे ठेवले. ही अर्थात संक्रमणकाळाची तजवीज होती. तिच्यामागचा विचार मात्र सरळ होता: ज्याने हे काम प्रमाद न करता वर्षानुवर्षे केले, तो ते पुढेही करील. १९५३ च्या शिक्षण-विनियमांपासून परीक्षा हाच मार्ग प्रशस्त होत गेला आणि हातांचा दाखला मागे पडून कागदाचा दाखला पुढे आला.

कागदही पुढे सूक्ष्म होत गेला. पदवीच्या प्रवेशासाठी आज राज्याची सामायिक परीक्षा आहे; तिचे गुण दोनशे, अकरावीचा अभ्यास वीस टक्के, बारावीचा ऐंशी, आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. गणित घेणारा आणि जीवशास्त्र घेणारा असे दोघेही येथूनच एका वर्गात येऊन बसतात. या व्यवस्थेचे मर्म मला पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात दिसते: जीवशास्त्र न शिकलेल्यांसाठी ‘उपचारात्मक जीवशास्त्र’, गणित न शिकलेल्यांसाठी ‘उपचारात्मक गणित’. प्रवेशपरीक्षेने ज्याला पात्र ठरवले, त्याच्या ज्ञानातले न्यून अभ्यासक्रमानेच आरंभी नोंदवावे, यापरता प्रांजळ कबुलीजबाब कोणता?

अमेरिकेत औषधशास्त्रासाठी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा १९७४ पासून होती. २००५ साली नेथन कुन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्या परीक्षेचे गुण आणि आधीच्या महाविद्यालयीन श्रेणी हे दोन्ही पुढील श्रेणींचे व परवाना-परीक्षेतील गुणांचे बऱ्यापैकी सूचक ठरले. तरीही महाविद्यालये ती अट सोडू लागली आणि २०२४ साली परीक्षा बंद झाली. अशा आकड्यांना एक अंगभूत मर्यादाही असते, आणि ती आमच्या आंबा-बागायतदाराला समजावून सांगावी लागत नाही. एकाच आकाराची फळे निवडून पेटी भरल्यावर आत साका (गराचा बिघाड) कोणत्या फळात आहे हे आकारावरून कळत नाही. आकार निरर्थक असतो म्हणून नव्हे, तर आकाराने करायची निवड आधीच होऊन गेलेली असते म्हणून. प्रवेश मिळालेल्यांचेच गुण पाहून ‘गुणांचा काही उपयोग नाही’ असे म्हणणारे हीच गफलत करतात.

म्हणून गुणांचा तिरस्कार मला मान्य नाही. खासगी मुलाखतीच्या मर्जीपेक्षा गुणांचा रुक्षपणा गरिबाच्या मुलाला अधिक न्याय देतो. पण गुण जे सांगतात ते एका परीक्षेवरून दुसऱ्या परीक्षेविषयी. जवळपास सारख्या नावांच्या दोन गोळ्यांतली कोणती चिठ्ठीवर लिहिली आहे, ही शंका येताच डॉक्टरांना विचारण्यासाठी हात थांबेल की नाही, हे गुणांना कधी कोणी विचारलेलेच नाही. १९९१ च्या विनियमांनी पदविकेसाठी पाचशे तासांचे व्यावहारिक प्रशिक्षण सांगितले, आणि त्यांतील निदान अडीचशे तास चिठ्ठीबरहुकूम औषधे देण्यात जावेत असेही नमूद केले. त्या तासांची पाळी मात्र दुसऱ्या भागाच्या परीक्षेला बसून झाल्यानंतर येते.