कच्चा लिंबू कोण, ते सांगा

'सिव्हिलायझेशन ६'ची सर्वांत अवघड पातळी म्हणजे 'डेइटी'. खेळ सुरू होताना आपल्या हाती एक सेटलर (शहर वसवणारी तुकडी) आणि एक वॉरियर. संगणकाच्या प्रत्येक राजाकडे मात्र ३ सेटलर, ५ वॉरियर. लढाईतही त्याच्या प्रत्येक तुकडीला ४ गुण जास्त. नदीकाठी वसवलेलं माझं पहिलं शहर तिसाव्या चालीच्या आत गेलं. तटबंदीची विद्या यायची होती आणि पाचही वॉरियर कडं करून उभे होते.

तरी याला अन्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलं लहानग्याला कच्चा लिंबू ठरवतात ते सगळ्यांदेखत, मोठ्यानं. डेइटीवरची सवलतही अशीच जाहीर आहे. फक्त इथं कच्चा लिंबू संगणक आहे. २०१० च्या 'सिव्हिलायझेशन ५'पासून एका घरात एकच लढाऊ तुकडी उभी राहू शकते, आणि तेव्हापासून त्याची फौज स्वतःच्याच गर्दीत अडकते. तिरंदाज पुढे, भालेकरी मागे! बुद्धी कमी पडते म्हणून पदरात माणसं घालायची. पहिल्या शंभर चाली जीव मुठीत धरून काढल्या, की पुढचा सगळा डाव मिळमिळीत होतो. काही खेळाडूंनी मॉड (खेळाचे नियम बदलणारी जोड) लिहून आरंभीची ही खिरापत काढली आणि मदत युगागणिक वाढत जाईल अशी वाटून दिली. मला तो मार्ग पटतो. शेवटपर्यंत धाक राहतो.

खुपते ती लपवलेली सवलत. 'एक्सकॉम २' या खेळात (२०१६) खालच्या पातळ्यांवर नेम चुकत गेले की पुढच्या नेमाची शक्यता गुपचूप वाढते. पडद्यावर ६५ टक्के, आत त्याहून जास्त. यामागचं कारण खरं आहे. 'सिव्हिलायझेशन'चे जनक सिड मायर यांनी २०१० मध्ये एका भाषणात सांगितलं होतं की, तिपटीनं बलवान असून हरलं की खेळाडूला खेळच खोटा वाटतो. माणसाला शक्यतेचं गणित पचत नाही, हे मान्य. पण ६५ चा अर्थ मी त्या आकड्यावर सैनिक गमावत गमावतच शिकले असते. खालच्या पातळीवर शिकलेला ६५ वरच्या पातळीवर गेल्यावर दगा देतो. भिंतीआड दबलेला शत्रू, माझा शेवटचा सैनिक, तोच आकडा. आणि या वेळी त्याच्या पाठीशी कुणीच नसतं.