चोरीचा आळ आणि निर्दोषत्वाचा पुरावा

सुपरमार्केटमधील खरेदी आटोपून, गल्ल्यावर पैसे चुकते करून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाला दाराशी थांबवले जाते. इतरांच्या देखत त्याला पिशवी उघडायला लावली जाते, एकेक वस्तू पावतीशी ताडून पाहिली जाते, आणि अधिक काही न सापडल्यावर 'ठीक आहे, जा' असे सांगून त्याला सोडले जाते. दुकानाच्या दृष्टीने प्रसंग येथे संपतो. संशय आला, तपास झाला, संशय फिटला. ग्राहकाचे पैसे गेलेले नाहीत, वस्तू गेलेली नाही, फार तर दहा मिनिटे गेली आहेत. तरीही ज्याच्यावर हा प्रसंग गुदरतो तो पुढे कित्येक वर्षे त्या दुकानाची पायरी चढत नाही, आणि दुसऱ्या दुकानातही हात पिशवीपासून दूर ठेवून वावरतो. त्याचे नेमके काय हिरावले गेले, आणि पावतीने निर्दोषत्व सिद्ध झाल्यावरही ते परत का मिळत नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

मराठीत या अनुभवासाठी 'आळ' हा शब्द आहे, आणि तो 'आरोप' या शब्दाचा केवळ पर्याय नाही. आरोप खरा असू शकतो, खोटा असू शकतो, सिद्धही होऊ शकतो; 'आळ सिद्ध झाला' असे मात्र कोणी म्हणत नाही. शब्दाच्या रूढ वापरातच त्याचे खोटेपण गृहीत धरलेले असते. त्याच्यासोबत येणारी क्रियापदेही लक्षणीय आहेत. आळ 'घेतला' जातो तेव्हा तो घेणारा कोणीतरी असतो. आळ 'येतो' तेव्हा घेणारा वाक्यातून नाहीसा होतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, या समजुतीत तर दोष थेट चंद्रदर्शनाकडे जातो, संशय घेणाऱ्या माणसाकडे जातच नाही. आळाच्या नैतिक विचारात हा लुप्त झालेला कर्ता पुन्हा वाक्यात आणावा लागतो.

आधुनिक दुकानात हा कर्ता लुप्त होण्याला एक भौतिक कारणही आहे. जुन्या किराणा दुकानात माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दुकानदार उभा असे. माल तोच काढून देई, मोजून देई, आणि गिऱ्हाइकाचे नाव त्याच्या उधारीच्या वहीत असे. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे स्वयंसेवा दुकान उघडले आणि ही मधली फळी काढून टाकली. फिरत्या फाटकातून आत जायचे, आखून दिलेल्या वाटेने मांडण्यांमधून फिरायचे, वस्तू स्वतः उचलायच्या आणि शेवटी पैसे द्यायचे, अशी ती रचना होती. तीत ग्राहकावर प्रथमच एवढा विश्वास टाकला गेला, आणि त्याच वेळी त्याची वाट आखून त्याच्यावर नजरही ठेवली गेली. वस्तू उचलून पिशवीत टाकण्याची कृती आता चोराची आणि सज्जनाची सारखीच दिसते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३७८ मध्ये अप्रामाणिक उद्देश हा चोरीच्या व्याख्येचा भाग होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही तो कायम आहे. उद्देश डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पहारेकरी चिन्हे वाचतो: रेंगाळणारी पावले, सैल कपडे, मोठी पिशवी, इकडेतिकडे पाहणे. ग्राहक हा त्याच्यासाठी एक संहिता होतो, आणि ती संहिता संशयाने वाचली जाते.

यावर दुकानदाराचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. चोऱ्या खरोखरच होतात. त्यांचा भार अखेर प्रामाणिक ग्राहकांवर आणि कमी पगाराच्या नोकरांवर पडतो. पडताळणीचा अधिकार नसेल तर स्वयंसेवा चालणारच नाही. ज्याने काही केलेले नाही त्याला पिशवी उघडण्यात अडचण ती कोणती? या युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीत आहे. आळ म्हणजे एक असत्य विधान, आणि सत्य विधान पुढे आले की ते पुसले जाते, हे ते गृहीत होय.

भारतीय परंपरेतील दोन कथा या गृहीताच्या दोन बाजू दाखवतात. स्यमंतक मण्याच्या कथेत प्रसेन शिकारीहून परतत नाही, आणि मण्यासाठी कृष्णानेच त्याला मारले असा संशय सत्राजित घेतो. कृष्ण माग काढत जांबवानाच्या गुहेपर्यंत जातो, युद्ध करतो, मणी आणतो आणि भर सभेत सत्राजिताला परत देतो. सत्राजित लज्जित होतो, आपली कन्या कृष्णाला देतो. येथे पुरावा आळ पूर्णपणे धुऊन काढतो. पण त्यासाठी खुद्द कृष्णाला अरण्य तुडवावे लागते, हेही विसरता येत नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्याची कथा वेगळी आहे. मौनव्रत धरून आश्रमाच्या दाराशी उभ्या असलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोर लुटीचा माल लपवतात. राजपुरुष विचारतात, तो उत्तर देत नाही. माल सापडतो, आणि चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढवले जाते. तो मरत नाही. चूक कळल्यावर राजा क्षमा मागतो, सूळ उपसण्याचा प्रयत्न होतो, पण तो निघत नाही. म्हणून तो कापला जातो. आत राहिलेले टोक घेऊनच मांडव्य पुढे जगतो आणि अणीमांडव्य या नावाने ओळखला जातो. राजाची क्षमायाचना प्रामाणिक आहे, निर्दोषत्वाबद्दल कोणालाही शंका उरलेली नाही, तरी टोक आतच आहे. एवढेच नव्हे, तर ते त्याच्या नावाचा भाग झाले आहे.

सुपरमार्केटचा व्यवहार पहिल्या कथेवर चालतो. ग्राहकाचा अनुभव दुसऱ्या कथेला जवळचा आहे. याचे कारण असे की आळ हे केवळ माहिती देणारे विधान नसते, ती एक कृती असते. दाराशी थांबवले जाण्यापूर्वी ग्राहकाला काहीही सिद्ध करायचे नव्हते. इतरांप्रमाणेच तोही विश्वासास पात्र मानला जात होता. थांबवल्या क्षणी त्याची जागा बदलते. तो गप्प राहिला तर मांडव्याप्रमाणे त्याचे मौन कबुली ठरते. संतापला तर संताप हे चिन्ह ठरते. शांत राहिला तर सराईतपणा ठरतो. पावती काढून दाखवणे म्हणजे आपल्याला पुराव्याची गरज आहे हे मान्य करणे होय. त्यामुळे पुरावा जितका निर्विवाद, तितकी ती मान्यता अधिक पक्की होते.

लुइव्हिल या अमेरिकी शहरातील एका प्रकरणात हा प्रश्न न्यायालयापुढे उभा राहिला. १९७१ मध्ये एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला दुकानातील चोरीच्या आरोपावरून अटक झाली. त्याने आरोप नाकारला. खटला निकालाविना बाजूला ठेवला गेला. १९७२ च्या डिसेंबरात, नाताळच्या खरेदीच्या हंगामात, पोलिसांनी सुमारे ८०० व्यापाऱ्यांना एक पत्रक वाटले. 'सक्रिय' दुकानचोरांची नावे व छायाचित्रे त्यात होती, आणि त्यांत याचेही होते. त्यानंतर लवकरच आरोप काढून टाकण्यात आला. 'पॉल विरुद्ध डेव्हिस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. नोकरीसारख्या अधिक मूर्त हितसंबंधाला धक्का लागलेला नसेल, तर केवळ प्रतिष्ठा ही घटनेने संरक्षिलेले 'स्वातंत्र्य' वा 'मालमत्ता' नव्हे, असा त्याचा आशय होता. याउलट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात (२०१६) प्रतिष्ठा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, मात्र तो फौजदारी बदनामीचा कायदा उचलून धरताना. येथे अधिक महत्त्वाचे आहे ते पत्रकातील विशेषण. जो कधीही दोषी ठरला नव्हता त्याला 'सक्रिय' म्हणण्यात एका कृतीचा संशय स्वभावाचे वर्णन होऊन बसला.

संशयाचे असे स्वभावात रूपांतर कोणाच्या बाबतीत सहज होते, हा प्रश्न मग टाळता येत नाही. 'मृच्छकटिका'त ठेव म्हणून आलेले अलंकार चोरीला जातात तेव्हा चारुदत्ताला नुकसानापेक्षा अधिक भय वाटते ते हे, की दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवणार. महाराष्ट्राला तर हा प्रश्न शब्दकोशातच भेटतो. दुकानातील चोरीला मराठीत 'उचलेगिरी' म्हणतात, आणि 'उचल्या' हे एका समाजाचे नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन वाचताना ध्यानात येते की येथे आळ घेण्यासाठी घटना घडावी लागत नाही; नाव पुरेसे होते. अशा माणसाला दाराशी थांबवणे आणि ज्याच्याकडे कोणी कधी संशयाने पाहिलेले नाही अशाला थांबवणे, या दोन कृती वरवर सारख्या दिसल्या तरी एक नाहीत. दुसऱ्याला अपघात झालेला असतो. पहिल्याला आपले जुने नाव पुन्हा ऐकू येते.

साहित्यविचाराला संशयाचे वाचन अपरिचित नाही. मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना पॉल रिकर यांनी संशयाचे आचार्य म्हटले, आणि संहितेच्या वरवरच्या अर्थामागे दडलेले शोधणे हा समीक्षेचा जणू धर्म झाला. मात्र संहितेवर घेतलेला संशय चुकला तर समीक्षक दुसरा लेख लिहू शकतो. संहितेच्या अंगात काही रुतून राहत नाही. माणसाचे वाचन करणाऱ्याला ही मोकळीक नाही. त्याने संशय घेऊच नये असे यातून निष्पन्न होत नाही. त्याने तो कृतीपुरता ठेवावा, स्वभावापर्यंत नेऊ नये. प्रत्येकाची पिशवी पाहायची असेल तर खरोखर प्रत्येकाची पाहावी. आणि चारचौघांत घेतलेला आळ चारचौघांतच, स्वतःच्या नावानिशी मागे घ्यावा, एवढे मात्र निष्पन्न होते. 'ठीक आहे, जा' या शब्दांत नेमकी हीच गोष्ट नसते. त्यात परवानगी असते, माघार नसते.

मांडव्याची कथा राजाच्या क्षमेपाशी थांबत नाही, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. तो थेट धर्माकडे जातो आणि ही शिक्षा कोणत्या कृत्याची, असे विचारतो. लहानपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याची, असे उत्तर मिळते. तेव्हा तो ते उत्तर स्वीकारत नाही. अपराधाच्या मानाने शिक्षा अवाजवी आहे असे सांगून धर्मालाच शाप देतो, आणि चौदा वर्षांच्या आतील कृत्य पाप मानले जाणार नाही अशी मर्यादा घालून देतो. शापामुळे धर्म विदुर होऊन जन्माला येतो, आणि कुरुसभेत न्यायाचे बोलूनही त्याचे ऐकले जात नाही. सुळाचे टोक निघत नाही ते नाहीच. पण ज्याला आयुष्यभर उत्तर देत राहावे लागले असते, त्याने एकदा प्रश्न विचारला, आणि न्याय करणाऱ्याला उत्तर द्यावे लागले.