रात्रीच्या लाईटीची किंमत

घरचं वीजबिल सावकाश वाचलं, की बरेच हिशेब दिसतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर 16 टक्के विद्युत शुल्क. शंभर युनिटांच्या आतलं घर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून कमी भरतं, पाचशेच्या पुढचं घर आणि कारखाने जास्त. दर हळूहळू खर्चाच्या जवळ न्यावेत, असं 2003चा वीज कायदा सांगतो. तरी गरिबाचा दिवा जळावा म्हणून ऐपतदाराने थोडा भार उचलला, तर मला ते रास्तच वाटतं.

मला सलतो तो बिलात कुठेच न आलेला खर्च.

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात शेतीपंपांना थ्री फेज लाईट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला निघतो. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या राहू लागला. मादी त्याच फडात पिल्लं घालते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. माणसाला मात्र त्याच फडातून पाणी फिरवावं लागतं, तेही अंधारात. घरी बायको, आई जाग्या असतात.

ही रात्रपाळी आली कुठून? कोळशावरचे संच संध्याकाळी बंद करून पहाटे लगेच चालू करता येत नाहीत. शहरं झोपली की विजेची मागणी उतरते, संच मात्र चालूच ठेवावे लागतात. म्हणून शेतीची मागणी रात्रीकडे सरकवली. संच सलग चालले, दिवसाची ताणाची वेळ सावरली आणि त्यात वाचलेल्या पैशाचा लाभ आपल्या सगळ्यांच्या दरात मुरला. पुण्यात बटण दाबणाऱ्यालाही तो मिळाला. 2024पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ झालं. ही सवलत मोलाची आहे, पण शेतकऱ्याचं रात्री जागणं तिने टळत नाही. बिबट्याने गाठलं, तर सरकार नुकसानभरपाई देतं. ती रक्कम वनखात्याच्या खर्चात धरली जाते, विजेच्या दरात ती कधीच येत नाही.

आता तर या रात्रपाळीमागचं कारणच मागे पडत चाललं आहे. सूर्य वर असताना सौर वीज मुबलक आणि स्वस्त मिळते. कृषी वाहिन्या सौर प्रकल्पांवर चालवण्याची सरकारी योजनाही सुरू आहे. तिचा क्रम लावताना जमीन कुठे सहज मिळते आणि उपकेंद्र कुठे जवळ आहे, एवढंच पाहून चालणार नाही. बिबट्याचा वावर असलेल्या गावांच्या वाहिन्या आधी दिवसावर आणाव्यात. त्यासाठी आमच्या घरगुती बिलात युनिटमागे काही पैसे वाढले, तर ते मी आनंदाने भरीन.