चांगला रस्ता सांगावा का?

सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो. आडवाटेचा, कमी गाड्यांचा, डोळ्यांना सुख देणारा रस्ता सापडला तर तो सगळ्यांना सांगायचा, की चारदोन मित्रांपुरता ठेवायचा? वरवर पाहता ही रिकामटेकड्यांची चर्चा वाटेल. पण मी अंबडच्या आसपासच्या माळांवरून सायकल चालवतो, आणि तिथे या प्रश्नाला लगेच दुसरे प्रश्न येऊन चिकटतात. ज्या रस्त्याला मी ‘माझा’ म्हणतो तो कुणाच्या शिवारातून जातो? एखादी जागा गुपित ठेवली की ती सुरक्षित राहते का? आणि जागा सुंदर वाटली म्हणून तिच्यावर माझा काही हक्क तयार होतो का?

आधी रस्ते कसे आहेत ते सांगतो. अंबडहून वडीगोद्री, शहागडच्या बाजूला निघालात की वाटेत जायकवाडीचा डावा कालवा लागतो. पैठणहून निघालेला हा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. त्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीकडे, ऊस उभा असतो. हिवाळ्यात तिथे सायकल घालायची म्हणजे उसाने ओसंडलेल्या ट्रॉल्यांना वाट देत देत जायचं. मत्स्योदरी देवीची टेकडी मागे टाकून कालव्याच्या पाण्यापासून दूर गेलात की चित्र बदलतं. कापूस, मोसंबीच्या बागा, आणि मधूनमधून उघडा माळ. काळ्या खडकावर बोटभर माती, त्यावर गवत, कुठे बोर, कुठे तरवड, हिवर, बाभूळ. ओढ्याच्या कडेला कडुनिंब दाट होतात आणि फाल्गुनात एखाद्या उतारावर पळस पेटतो. मोटारीतून हे सगळं ‘काहीच नाही’ असं दिसतं. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने मात्र चंडोल ऐकू येतो, टिटवी अंगावर ओरडत येते, आणि बाभळीचा काटा टायरमध्ये घुसून तुम्हाला अर्धा तास त्याच जागी उभं करतो.

आता न सांगणाऱ्यांची बाजू. ती पोकळ नाही. साताऱ्याजवळचं कास पठार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पश्चिम घाटासोबत 2012 साली ते जागतिक वारशात गेलं. फुलं पाहायला लोटलेल्या गर्दीच्या पायांखाली फुलंच तुडवली जाऊ लागली. मग शुल्क आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, माणसांच्या संख्येवर मर्यादा आली, कुंपण घातलं गेलं आणि पुढे ते काढलंही गेलं. नकाशावरची साधी रेघही वाटते तितकी निरुपद्रवी नसते. स्ट्राव्हाने जगभरच्या धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या नोंदी एकत्र करून उजळ रेषांचा नकाशा काढला, तेव्हा 2018 च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं, की त्यात लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या रोजच्या वाटाही दिसताहेत. आपल्या माळावर लष्करी तळ नाहीत. पण टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. त्यांच्यासाठी वीस माणसांचा ‘ग्रुप राइड’ फोटो हे मोठं संकट असू शकतं.

तरीही ‘गप्प बसा, म्हणजे जागा वाचेल’ हे मला पटत नाही. कारण माळ गर्दीमुळे संपत नाही. तो संपतो एका शब्दामुळे: पडीक.

सरकारी भाषेत माळरानाचा मोठा भाग पडीक जमिनीत मोजला जातो. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते. महाराष्ट्रात 2019 साली 33 कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट होतं. एवढे खड्डे खणायला जागा कुठून आणायची? उघड्या माळाकडे बोट जाणं साहजिक होतं. झाड लावणं पुण्याचं काम असं आपण शाळेपासून शिकलो, त्यामुळे गवताच्या जागी झाड लावताना काही मोडतंय असं मनातही येत नाही. पण गवताळ माळ हा राहून गेलेला जंगल-प्रकल्प नव्हे. तो स्वतःच एक पूर्ण व्यवस्था आहे, आणि त्यातल्या कित्येक जिवांना सावली नको, उघडं आकाश हवं असतं.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. बेल्जियममध्ये 1847 च्या कायद्याने ‘ओसाड’ सामुदायिक जमिनी विकायला लावल्या. लिम्बुर्ग प्रांतातल्या झुडपी माळांवर पाइनची झाडं लावली गेली, पुढे कोळशाच्या खाणींना टेकूसाठी लाकूड लागलं म्हणून आणखी लावली गेली. आज त्याच प्रांतात उरलेला माळ मेंढ्या चारून मुद्दाम उघडा ठेवावा लागतो. आणि त्याच प्रांतात 1995 पासून क्रमांक दिलेल्या चौकांचं सायकल-जाळं उभं राहिलं. कागदावर आकडे लिहून घ्यायचे आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जायचं. पूर्वी ज्याला ओसाड म्हटलं ते पाहायला आता लोक सायकलवर येतात. ज्या जागेला पाहणारे असतात तिला ओसाड म्हणणं अवघड जातं. माझ्या दृष्टीने रस्ता सांगण्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

पण पाहणाऱ्यांचाही एक आंधळेपणा असतो. माळढोक वाचवायला 1979 साली सोलापूर-नगरकडे अभयारण्य झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर धरलं होतं. त्यात शेतं होती, गावं होती. आपल्याच जमिनीचे व्यवहार अडल्यावर माणसांना त्या पक्ष्याचं प्रेम वाटणं कठीणच होतं. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं, तोवर माळढोक जवळपास दिसेनासा झाला होता. मराठवाड्यात तर माळाची आणखी एक कथा आहे. गावच्या गायरानावर भूमिहीन, मुख्यतः दलित कुटुंबांनी दगड वेचून शेती उभी केली. त्यासाठी मार खाल्ला, कोर्टकचेऱ्या केल्या. 14 एप्रिल 1990 पर्यंतचे असे ताबे नियमित करण्याचा शासनाचा निर्णय त्या लढ्यातून आला, आणि तरी सातबारावर नाव लागण्यासाठी अनेक घरं खेटे घालत राहिली. मला जे ‘मोकळं’ दिसतं ते कुणासाठी भाकरीचा प्रश्न असतं. ‘हा माळ असाच राहू दे’ हे वाक्य चाळीस हजारांच्या सायकलवरून बोलायला फार सोपं आहे.

मग सांगायचं तरी कसं? याचं उत्तर मला माळावरून माझ्याआधी कित्येक पिढ्या जाणाऱ्यांकडे पाहून सुचलं. धनगरांचे कळप सुगीनंतर रानोमाळ हिंडतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो. रात्रभर कळप बसला की लेंडीखत रानाला मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. म्हणजे इथून जाणारा नुसता जात नाही. तो काही घेतो, काही ठेवतो, आणि कुणाच्या तरी परवानगीने थांबतो. वाट सगळ्यांची, पण मुक्काम विचारून.

हाच नियम मी सायकलला लावतो. रेघ सांगावी, टिंब सांगू नये. गावांना जोडणारा डांबरी रस्ता हा लोकांच्या पैशातून झालेला, लोकांचा आहे. तो लपवण्याचा मला अधिकार नाही. अंबडचाच एखादा पोरगा जुन्या सायकलवर तिथे जाऊ इच्छित असेल, तर ‘हे आमचं गुपित’ म्हणणारा मी कोण? पण त्या रेघेवरची टिंबं वेगळी. जमिनीवरचं घरटं, हरणांची पाण्याची जागा, मेंढपाळाच्या कुटुंबाचा तळ, कुणाच्या बांधावरून जाणारी पांदण. तिथे लोकेशनची पिन टाकण्याचा हक्क मला नाही. कारण तिथे येणाऱ्याला मी रस्ता देत नाही, दुसऱ्याचं दार दाखवतो.

आणि रेघ सांगतानाही ती अर्धी सांगू नये. ‘भारी रोड, झिरो ट्रॅफिक’ एवढंच लिहिलं तर आपणही माळ रिकामाच ठरवतो, फक्त कौतुकाच्या सुरात. कुठल्या गावाची शीव कुठे लागते, गवत कोण कापून नेतं, उन्हाळ्यात पाणी कुठे आटतं, कळप आला की उतरून कडेला का उभं राहायचं, हेही त्यासोबत लिहावं. अंतर आणि चढ ॲप मोजून देतं. ही उरलेली माहिती थांबून विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि सायकलवरून उतरून विचारणं कुणालाही जमतं.