परीक्षकाची परीक्षा
परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी, हा प्रश्न मुळात नीतीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये बंगळुरूला ‘नॅक’ ही महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणारी स्वायत्त संस्था स्थापन केली. महाविद्यालय आधी स्वतःचा अहवाल लिहिते, मग बाहेरचे प्राध्यापक तो पडताळतात. आधी आत्मपरीक्षण, मग साक्ष. धर्मविचाराला हा क्रम परका नाही. मात्र साक्षीदार निर्लेप हवा, नाहीतर श्रेणी म्हणजे नुसता शिक्का.

अशा नुसत्या शिक्क्याचे नुकसान दुर्गम भागात अधिक. वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते ते मार्कंडा चामोर्शी तालुक्यात आहे. हा मुलूख २०११ पासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. इथल्या जंगलपट्टीतून शिकायला येणाऱ्या मुलीला दुसरे महाविद्यालय निवडण्याची सोय क्वचितच असते. म्हणून श्रेणीसोबत त्या श्रेणीची कारणेही मराठीत महाविद्यालयाच्या फलकावर लावावीत.