माथ्यावरचे श्रम, पायथ्याचे पाणी

राळेगणसिद्धीची गोष्ट बहुतेक वेळा एका व्यक्तीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले, प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून त्यांनी गावातले यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले आणि तिथून पारनेर तालुक्यातले हे दुष्काळी गाव बदलत गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र हे गाव गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशेजारी ठेवून पाहावेसे वाटते. प्राणी अन्नावर, अन्न पावसावर, पाऊस यज्ञावर आणि यज्ञ कर्मावर अवलंबून आहे, असे एक चक्र त्या अध्यायात सांगितले आहे. जो घेतो पण परत देत नाही त्याला तिथे चोर म्हटले आहे, आणि जो केवळ स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो, असेही बजावले आहे. हा उपदेश देव्हाऱ्यापुरता नाही. कोरडवाहू मुलखात पाणी टिकवायचे असेल तर तो पाळल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: यज्ञाने पाऊस पडत नाही. तो मान्यच करायला हवा. राळेगणला वर्षाकाठी चारपाचशे मिलिमीटर पाऊस पूर्वीही पडे आणि नंतरही तेवढाच पडत राहिला. पडलेल्या पाण्याचे काय होते, एवढेच बदलले. शिवाय मराठी परंपरा होमहवनाच्या अर्थाशी अडून राहिलेली नाही. राळेगणच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिने तिसऱ्या अध्यायातला यज्ञ स्वधर्माच्या आचरणात पाहिला. वाट्याला आलेले काम नीट करणे हाच नित्य यज्ञ, ही समजूत वारकऱ्यांच्या गावांत सातशे वर्षे मुरलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाव सुधारले ते नालाबांध, समतल चर आणि पाझर तलाव यांमुळे. त्यात गीतेचा काय संबंध? उत्तर पाणलोटाच्या कामातच आहे. डोंगरउतारावर समान उंचीवर चर खणला की पळणारे पाणी तिथे थबकते, मुरुमातून हळूहळू झिरपते आणि खालच्या विहिरीला उतरते. म्हणजे घाम माथ्यावर गळतो आणि पाझर पायथ्याला फुटतो. खणणाऱ्याचे शेत आणि भरणारी विहीर पुष्कळदा एकाची नसते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे दुसऱ्या अध्यायातले सूत्र इथे जमिनीच्या उतारानेच लागू केलेले असते. फळ आधी माझ्याच बांधात हवे, असा हट्ट प्रत्येकाने धरला तर पहिली कुदळसुद्धा पडणार नाही. उलट पायथ्याला एकाने खोल बोअर मारली की सगळ्यांनी मुरवलेले पाणी तो एकटा उपसतो. गीतेतल्या चोराची याहून नेमकी ओळख मला दुसरी दिसत नाही. शेतीसाठी बोअर नको आणि उसाला आवर, हे राळेगणचे नियम म्हणूनच बांधांइतके महत्त्वाचे आहेत. अभियांत्रिकी पाणी अडवते. ते उरते कशाने, हा प्रश्न नीतीचा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: त्याग कोणी करायचा? डोंगरावर गवत-झाडे टिकावीत म्हणून केलेल्या चराईबंदीची झळ आधी शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला बसते आणि वाढलेले पाणी जमीनवाल्याला मिळते. हे नाकारून चालणार नाही. पण याचा निवाडाही तिसऱ्या अध्यायाच्या कसोटीवरच करता येतो, कारण तिथे इतरांचा वाटा काढून उरलेले खाणाऱ्यालाच निर्दोष म्हटले आहे. राळेगणमध्ये दलित कुटुंबांचे कर्ज फेडण्यासाठी गावाने त्यांच्या शेतात श्रमदान केले, तेव्हा ते या कसोटीला उतरले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभारलेली पाणी पंचायत याहून पुढे गेली. तिने पाण्याचा वाटा जमिनीवरून न ठरवता कुटुंबातल्या माणसांवरून ठरवला आणि भूमिहीनालाही हक्क दिला. मला यज्ञचक्राची सर्वांत प्रामाणिक मांडणी तीच वाटते. त्याग मात्र स्वेच्छेने व्हायला हवा; म्हणून दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके देण्याच्या राळेगणच्या पूर्वीच्या रीतीचे समर्थन होऊ शकत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीकडे कृष्ण अर्जुनाला, नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे वाग, असे म्हणतो. मारून काढून घेतलेला त्याग ही वसुली होते. तिला यज्ञ म्हणता येणार नाही.

म्हणून राळेगणची नक्कल करू पाहणाऱ्या गावांनी बांधांचे आराखडे जरूर न्यावेत, पण त्यांच्या ग्रामसभेत आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: जमिनीतले पाणी कोणी किती उपसायचे, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचा वाटा कोणता. याचे उत्तर न देता खणलेले चर पाणी मुरवतीलही, पण ते ज्याची बोअर सर्वांत खोल त्याच्याच घरी जाईल.